जबलपूर ते शेफील्ड: स्नूकरमागचा इतिहास
स्नूकरच्या प्रश्नमंजूषेत एक प्रश्न हमखास फसवतो: हा खेळ शोधला कोणी? ‘नेव्हिल चेंबरलेन’ हे उत्तर बरोबर आहे, पण ऐकणाऱ्यासमोर उभे राहतात ते म्युनिक करारवाले ब्रिटिश पंतप्रधान. ते हे नव्हेत. हे सर नेव्हिल फ्रान्सिस फिट्झजेराल्ड चेंबरलेन, लष्करी अधिकारी. गंमत म्हणजे या चेंबरलेननी आपला दावा ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पत्र लिहून मांडला तो १९३८ साली, म्हणजे त्यांचे नामबंधू पंतप्रधानपदी असतानाच.

मूळ प्रसंग १८७५ चा. जबलपूरचा पावसाळा, बाहेर पडायची सोय नाही, आणि डेव्हनशायर रेजिमेंटच्या मेसमध्ये एक बिलियर्ड्स टेबल. त्यावर तेव्हा पैजेचे खेळ चालत. ‘पिरॅमिड्स’मध्ये त्रिकोणात रचलेले १५ लाल बॉल टेबलाच्या कडेच्या पॉकेटमध्ये घालायचे. ‘ब्लॅक पूल’मध्ये आपल्या वाट्याचा बॉल पॉट झाला, म्हणजे पॉकेटमध्ये गेला, की जास्तीच्या कमाईसाठी काळ्यावर नेम धरता यायचा. चेंबरलेन आणि मित्रांनी हे दोन्ही एका टेबलावर आणले आणि आणखी रंगीत बॉल वाढवले. निळा आणि तपकिरी नंतर आले. आज आपण लाल पॉट करून रंगीत बॉलकडे वळतो, त्याची मुळं त्या काळ्याच्या जास्तीच्या कमाईत आहेत. एका सोबत्याचा सोपा पॉट हुकला तेव्हा चेंबरलेननी त्याला ‘स्नूकर’ म्हटलं. वूलिच अकॅडमीत नवख्या कॅडेटला ही हाक मारत. खेळाला तेच नाव चिकटलं.

१८८२ मध्ये उटीच्या क्लबात नियम लिहून बिलियर्ड्सच्या खोलीत लावले गेले. पुढे बिलियर्ड्सचा इंग्लंडमधला अव्वल खेळाडू जॉन रॉबर्ट्स ज्युनिअर १८८५ मध्ये कोलकात्याला आला, चेंबरलेनना भेटला आणि हा खेळ सोबत घेऊन गेला. साठ वर्षांनी केलेल्या दाव्यावर शंका घेणारे होतेच, पण त्या काळातल्या इतर अधिकाऱ्यांनी लेखी दुजोरा दिला होता. माझ्या मते जबलपूरचा हक्क पक्का आहे.

तरी पुढची चाळीसेक वर्षं स्नूकर बिलियर्ड्सच्या सावलीतच राहिला. तो पुढे यायला बिलियर्ड्समधल्या खेळाडूंचं कौशल्यच कारणीभूत ठरलं, हा या इतिहासातला मला सगळ्यात विलक्षण वाटणारा भाग. १९०७ मध्ये टॉम रीसने दोन बॉल पॉकेटच्या तोंडाशी असे अडकवले, की काठीने मारायचा क्यू बॉल दोघांना हलकेच शिवत राहिला (बिलियर्ड्समध्ये त्याचे गुण मिळतात) तरी ते जागचे हलत नव्हते. पाच आठवडे तेच करत त्याने ४,९९,१३५ गुणांचा ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत न चुकता केलेल्या गुणांची मालिका, केला. पत्रकार आणि प्रेक्षक सलग हजर नव्हते म्हणून त्याला विक्रमाची मान्यता मिळाली नाही, आणि त्या युक्तीवर बंदीही आली. १९३२ मध्ये वॉल्टर लिंडरमने लंडनच्या थर्स्टन्स हॉलमध्ये एकाच ब्रेकमध्ये ४,१३७ गुण केले. समोरचा माणूस तोवर खुर्चीत बसून होता. त्याचं नाव जो डेव्हिस.

अशा न संपणाऱ्या ब्रेकना प्रेक्षक कंटाळणार, हे वारं डेव्हिसने आधीच ओळखलं होतं. बर्मिंगहॅमच्या बिल कॅम्किनला सोबत घेऊन त्याने व्यावसायिक स्नूकर स्पर्धेची (हीच पुढे जागतिक स्पर्धा) कल्पना मांडली आणि १९२७ च्या पहिल्या अंतिम सामन्यात टॉम डेनिसला हरवलं. बक्षीस साडेसहा पौंड. तिथपासून १९४६ पर्यंत झालेली पंधराच्या पंधरा विजेतेपदं त्याचीच. आज हा आकडा डोळे दिपवतो, पण १९३१ मध्ये स्पर्धेत फक्त दोन जण होते आणि अंतिम सामना झाला डेनिसच्याच पबच्या मागच्या खोलीत, नॉटिंगहॅमला. डेव्हिसचा मोठेपणा मला या आकड्यापेक्षा, बॉलमागून बॉल रचत मोठा ब्रेक उभारण्याचं तंत्र त्याने घडवलं यात दिसतो.

तो या स्पर्धेतून निवृत्त झाल्यावर तिची रया गेली. १९५२ मध्ये नियामक संस्थेशी भांडण होऊन बहुतेक खेळाडू बाहेर पडले. पुन्हा दोघेच उरले, त्यातला होरेस लिंडरम विजेता ठरला, आणि त्याला विश्वविजेता मानायचं का यावर चाहते अजून वाद घालतात. १९५७ नंतर १९६४ पर्यंत तर जागतिक स्पर्धाच झाली नाही.

खेळ सावरला तो रंगीत टीव्हीमुळे. बीबीसी टूला रंग दाखवायला काहीतरी हवं होतं, आणि स्नूकरच्या टेबलाइतके रंग एका जागी, हलत्या कॅमेऱ्याशिवाय, दुसऱ्या खेळात नव्हते. १९६९ मध्ये ‘पॉट ब्लॅक’ सुरू झाला, एका फ्रेमचा, म्हणजे एकाच डावाचा, एक सामना. घरोघरी अजून कृष्णधवल संच होते; समालोचक टेड लो यांनी त्या प्रेक्षकांसाठी ‘गुलाबी बॉल हिरव्याशेजारी आहे’ असं सांगितल्याचा किस्सा चाहत्यांना पाठ असतो. १९७७ मध्ये जागतिक स्पर्धा शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात आली. आयोजक माइक वॉटरसन यांच्या पत्नीने तिथे नाटक पाहिलं आणि ही जागा सुचवली.

१४७ ची, म्हणजे एका ब्रेकमध्ये एरवी शक्य असलेल्या सर्वाधिक गुणांची, साखळी तर चाहत्यांच्या खास जिव्हाळ्याची. १५ लाल (प्रत्येकी १ गुण), प्रत्येकामागे काळा (७ गुण), म्हणजे १२०, आणि शेवटच्या सहा रंगांचे २७. जो डेव्हिसने १९५५ मध्ये लेस्टर स्क्वेअर हॉलमध्ये तो केला, पण अधिकृत मान्यतेला दोन वर्षं लागली. १९७९ मध्ये जॉन स्पेन्सरने स्पर्धेत १४७ केला तेव्हा टीव्हीचे कर्मचारी जेवायला गेले होते आणि पॉकेट मापात नव्हती. ना चित्रण, ना मान्यता. टीव्हीवर दिसलेला पहिला १४७ स्टीव्ह डेव्हिसचा, १९८२, ओल्डहॅम, बक्षीस लाडा मोटार. समोर होता स्पेन्सरच. आणि १९७९ मध्ये स्पेन्सरसमोर बसलेल्या क्लिफ थॉरबर्नने १९८३ मध्ये क्रूसिबलवरचा पहिला १४७ केला, सुरुवात नशिबाने गेलेल्या लाल बॉलने.

१९८५ चा जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना मात्र वेगळाच काढावा लागतो. स्टीव्ह डेव्हिस ८-० फ्रेमनी पुढे होता, तरी १७-१७ झाले. शेवटची फ्रेम ६८ मिनिटं चालली. डेव्हिस गुणांत ६२-४४ ने पुढे, टेबलावर फक्त चार बॉल, आणि डेनिस टेलरला चारही हवे होते. तपकिरी, निळा, गुलाबी गेले. काळ्यावर दोघेही हुकले; डेव्हिसचा पातळ कट (बॉलच्या जेमतेम कडेला लागणारा फटका) गेला नाही आणि टेलरने मध्यरात्र उलटून गेल्यावर तो पॉट केला. ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक जागे राहून पाहत होते. त्या संपूर्ण सामन्यात टेलर पहिल्यांदा पुढे गेला तो त्या एका बॉलवर.