युद्धकाळातील शौर्य

जिवावर बेतणार हे पुरते ठाऊक असतानाही सैनिकाने हातातले काम आणि सोबतची माणसे न सोडणे, हे युद्धकाळातील शौर्याचे गाभ्याचे लक्षण होय. स्वतंत्र भारतात त्याचा गौरव परमवीर, महावीर आणि वीर चक्राने होतो. शौर्य म्हटले की शत्रूवर तुटून पडणारा वीर डोळ्यांपुढे येतो. मात्र अनेक थोर पराक्रमांत बेभानपणाहून शांत डोक्याने केलेले कामच अधिक आढळते.

एप्रिल १९४८ मध्ये जम्मू-काश्मीरमधील नौशेरा–राजौरी मार्गावरील सुरुंग आणि अडथळे काढताना बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्या मांडीला उखळी तोफेच्या माऱ्यात जखम झाली. तरीही ते रणगाड्याखाली शिरून त्याच्यासोबत सरपटत पुढे गेले आणि दोरीच्या इशाऱ्यांनी चालकाला थांबवत, पुढे घेत राहिले. सुरुंग काढणाऱ्याला घाई करून चालत नाही, म्हणून गोळीबारात टिकलेला हा संयम विशेष मोलाचा वाटतो. राणे यांना परमवीर चक्र मिळाले. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय नौवहन निगमाने आपल्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव यांनी आधी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाण्यातून व सुरुंगांतून सुखरूप आणले आणि मगच शत्रूच्या मशिनगनच्या ठाण्यांवर चाल केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला.

मुंबईच्या नौदलाच्या इतिहासात ४ डिसेंबर १९७१ चा कराचीवरील यशस्वी हल्ला ठळक आहे आणि नौदल दिन त्याच तारखेला साजरा होतो. पण त्यानंतर पाचच दिवसांनी, मुंबईहून पाणबुडीच्या शोधात निघालेली ‘खुकरी’ ही फ्रिगेट प्रकारची युद्धनौका दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’च्या पाणतीरांनी काही मिनिटांत बुडाली, हेही तितक्याच आवर्जून सांगितले पाहिजे. ‘खुकरी’चे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला दिले, जमेल तितक्यांना जहाज सोडायला लावले आणि स्वतः जहाजावरच राहिले. या घटनेत १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले. मुल्ला यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.