कोळसा खाणींतील प्राणघातक अपघात, व्हिक्टोरियन ब्रिटनमधील

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) ब्रिटनमधील कोळसा खाणींत काम करताना जे मृत्यू झाले, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. कोळशाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन पुढे ओढवलेले मृत्यू त्या काळी अपघातांत धरले जात नसत, म्हणून त्यांचा समावेश येथे नाही. शतकाच्या मध्याला ब्रिटनमध्ये वर्षाकाठी सुमारे ५ कोटी टन कोळसा निघत असे. १९०० साली हे उत्पादन सुमारे २२.५ कोटी टनांवर गेले. या साऱ्या काळात दरवर्षी ढोबळमानाने १,००० माणसे आणि मुले खाणींत मरण पावत राहिली. मजुरांची संख्या मात्र तिपटीहून अधिक वाढली. त्यामुळे मृत्यूचे प्रमाण १८५०–६० या दशकात दर हजारी चारच्या आसपास होते, ते शतकाअखेर दीडच्या आसपास आले. हे प्रमाण घटले ही गोष्ट निर्विवाद आहे. तिचे श्रेय कायद्याला किती, तंत्राला किती आणि कामगार संघटनांच्या दबावाला किती, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. ही तिन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली असल्याने त्यांची वेगवेगळी वाटणी करू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

१८५० पूर्वीच्या आकड्यांवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. त्या वर्षीच्या कायद्याने खाणनिरीक्षक नेमले गेले आणि प्रत्येक मृत्यूची खबर सरकारला देणे मालकावर बंधनकारक झाले. त्याआधीची माहिती कॉरोनरच्या (अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) चौकश्या, चर्चच्या दफननोंदी आणि वृत्तपत्रे यांतून वेचावी लागते. आणि वृत्तपत्रांत एकट्यादुकट्या मजुराच्या मरणाला क्वचितच जागा मिळे. पुढच्या काळातही मोठ्या दुर्घटनांचे आकडे डळमळीतच राहिले, कारण त्या दिवशी खाली नेमके कोण उतरले होते याची पक्की नोंद पुष्कळ खाणींत नसे. बार्न्सलीजवळच्या ओक्स खाणीत १२ डिसेंबर १८६६ रोजी स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झालेल्या स्फोटात बचावासाठी उतरलेले २७ जण ठार झाले. या दुर्घटनेतील मृतांचा आकडा दीडशे वर्षे ३६१ असा दिला जात होता. अलीकडे स्थानिक संशोधकांनी नावानिशी केलेल्या मोजणीत तो ३८३ भरला. विसाव्या शतकापूर्वीच्या ब्रिटिश खाण-दुर्घटनांत हीच सर्वांत मोठी होय.

छत कोसळणे : खाण-अपघात म्हटले की स्फोट डोळ्यांसमोर येतो, मृत्यूंच्या हिशेबात मात्र पहिला क्रमांक छताचा लागतो. छताचा किंवा बाजूचा दगड आणि कोळसा अंगावर पडून झालेले मृत्यू एकूण मृत्यूंच्या सुमारे दोन-पंचमांश होते. स्फोटांचा वाटा वर्षागणिक बराच बदले; मोठी दुर्घटना घडलेले वर्ष सोडल्यास तो चौथ्या हिश्श्याच्या आतच राही. एका वेळी एक माणूस, क्वचित त्याच्या हाताखालचा मुलगा, असे हे मरण असे. त्याची चौकशी गावातल्या एखाद्या खाणावळीच्या खोलीत तासाभरात उरके आणि ‘अपघाती मृत्यू’ असा निकाल लिहिला जाई. त्यासाठी राजघराण्याची तार आली नाही की मदतनिधीही उभा राहिला नाही. या विषयावरील लेखनातही या मृत्यूंना त्यांच्या संख्येच्या मानाने फार थोडी पाने मिळाली आहेत, आणि हा अन्याय ध्यानात ठेवूनच पुढील तपशील वाचावा.

कोळसा तोडणारा मजूर थराच्या तळाशी कुशीवर पडून कुदळीने आडवी खाच पाडीत असे, म्हणजे वरचा कोळसा आपल्याच वजनाने किंवा सुरुंगाने खाली येई. खाच खोल जाईल तसतसे त्याचे डोके आणि खांदे त्या अधांतरी कोळशाखाली जात. खाचेत लहान ठोकळे आणि मागच्या छताला लाकडी टेकू लावणे हे त्याचेच काम होते. पण मजुरी मिळे ती वर गेलेल्या कोळशाच्या टनावर, टेकूंवर खर्चलेल्या वेळाला बहुधा काहीच मिळत नसे. टेकूचे लाकूड वेळेवर न पुरवणे ही मजुरांची नेहमीची तक्रार होती, तर मजूर निष्काळजी असतात हे मालकांचे ठरलेले उत्तर. निरीक्षकांच्या अहवालांत दोन्ही मते सापडतात. मजुरीची ही पद्धत ध्यानात घेतली, तर मालकांचे उत्तर अपुरे ठरते. भूस्तरांचाही यात हात होता. कोळशाच्या थरावरील शेल या पापुद्र्यांच्या खडकात प्राचीन वृक्षांच्या बुंध्यांचे जीवाश्म उभे असतात. त्यांच्याभोवती कोळशाचा गुळगुळीत पातळ लेप असल्याने खालचा आधार निघाला की अख्खा बुंधा कसलाही आवाज न करता घंटेच्या लोळ्यासारखा खाली येतो. छत ठोकून आवाजावरून पारखणारे अनुभवी मजूरही याला बळी पडत. दक्षिण स्टॅफर्डशरमध्ये थर सुमारे ३० फूट जाडीचा असल्याने तेथे छत डोळ्यांच्या टप्प्याबाहेर असे. त्या भागात छत कोसळून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण विशेष मोठे होते.

वायू आणि सुरक्षादीप : कोळशातून सुटणाऱ्या मिथेनला इंग्रज मजूर ‘फायरडॅम्प’ म्हणत. यातील ‘डॅम्प’ हा शब्द ओलीचा वाचक नसून ‘वाफ’ या अर्थाच्या जुन्या जर्मानिक शब्दापासून आलेला आहे. हवेत मिथेनचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असता मिश्रण स्फोटक होते. स्फोटानंतर उरणाऱ्या, कार्बन मोनॉक्साइड असलेल्या वायूला ‘आफ्टरडॅम्प’ हे नाव होते.

डरॅम परगण्यातील फेलिंग खाणीत १८१२ साली ९२ जण दगावले आणि त्यातून सुरक्षादीपाचा, म्हणजे वायू न पेटवणाऱ्या दिव्याचा, शोध सुरू झाला. डॉक्टर विल्यम क्लॅनी, अभियंता जॉर्ज स्टीव्हन्सन आणि रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही या तिघांनी १८१३ ते १८१५ या काळात आपापले दीप पुढे आणले. स्टीव्हन्सन आणि डेव्ही यांच्यातील अग्रमानाचा वाद कटू झाला. स्टीव्हन्सनने किलिंगवर्थ खाणीत ऑक्टोबर १८१५ मध्ये आपला दीप पारखला होता, तर डेव्हीचा निबंध रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे नोव्हेंबरमध्ये आला. दोघे स्वतंत्रपणे एकाच दिशेने गेले होते हे मत आता सामान्यतः मान्य आहे. व्हिक्टोरियन काळाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न असा की दीपामुळे मरण कमी झाले का? १८३५ च्या संसदीय समितीने डरॅम व नॉर्थम्बरलंडबाबत दिलेले आकडे अस्वस्थ करणारे आहेत : दीपापूर्वीच्या १८ वर्षांत ४४७ मृत्यू, नंतरच्या १८ वर्षांत ५३८. उत्पादन आणि मजूर वाढले होते हे खरे. पण दीपाच्या भरवशावर पूर्वी बंद ठेवलेले वायुमय थर उघडले गेले, हेही तितकेच खरे आहे. शिवाय डेव्ही दीपाचा उजेड अपुरा असल्याने मजूर ज्योतीभोवतीची तारेची जाळी काढून ठेवण्याचा मोह करीत, आणि हवेचा झोत सेकंदाला सुमारे ६ फुटांहून वेगवान असेल, तर ज्योत जाळीबाहेर येऊ शकत असे. शतकाच्या उत्तरार्धात, खाणीत हवा खेळती ठेवण्यासाठी पेटवल्या जाणाऱ्या भट्टीच्या जागी यांत्रिक पंखे आले, हवेचा वेग वाढला आणि जुना डेव्ही दीप स्वतःच धोक्याचा ठरला. त्यानंतर बेल्जियममधील म्यूझलर व फ्रान्समधील मार्सो यांच्या बंदिस्त धाटणीच्या दीपांना पसंती मिळाली.

कोळशाच्या धुळीचा प्रश्न : मोठे स्फोट खाणीच्या मैलभर लांबीच्या गल्ल्यांतून कसे धावत जातात, यावर जवळजवळ संपूर्ण शतक वाद चालला. धुळीचा सहभाग प्रथम कोणी ओळखला हे नेमके सांगणे कठीण आहे. न्यूकॅसल भागातील खाणतज्ज्ञ जॉन बडल याने १८०३ च्या वॉल्सएंड येथील स्फोटाचे वर्णन करताना पेटत्या धुळीचा उल्लेख केला होता. डरॅममधील हॅसवेल खाणीत २८ सप्टेंबर १८४४ रोजी ९५ जण मृत्यू पावले, तेव्हा सरकारने मायकेल फॅरडे आणि भूवैज्ञानिक चार्ल्स लायल यांना चौकशीला धाडले. टेकूंवर बसलेला, उष्णतेने अर्धवट कोक झालेल्या (वायू निघून गेलेल्या) धुळीचा थर पाहून, वायूच्या स्फोटात धूळही जळाली असली पाहिजे, असे त्यांनी नमूद केले. या निष्कर्षाकडे पुढील तीस वर्षे इंग्लंडमध्ये जवळपास कोणी पाहिले नाही. फ्रेंच अभियंत्यांनी मधल्या काळात स्वतंत्रपणे तीच शंका व्यक्त केली होती.

वेल्समधील विल्यम गॅलोवे याने १८७६ पासून रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या प्रयोगांत दाखवले की, दीपाच्या ज्योतीवरून कळणारही नाही इतका, एक टक्क्याहूनही कमी वायू असलेली हवा धुळीने भरली की पेट घेते. पुढे, वायू मुळीच नसला तरी पुरेशा जोराने उधळलेली धूळ स्फोट चालवू शकते, असे मत त्याने मांडले. खाणमालकांना आणि बऱ्याच निरीक्षकांना ते पटले नाही. वायू नाही म्हणून ‘सुरक्षित’ ठरलेल्या कोरड्या खाणीच या सिद्धांताने सर्वांत धोक्याच्या ठरत होत्या, हे त्या विरोधामागचे एक कारण असावे. १८७९–८६ च्या शाही आयोगाने धूळ स्फोट वाढवते एवढे मान्य केले. केवळ धुळीने स्फोट होऊ शकतो हे १८९४ मध्ये दुसऱ्या आयोगाने स्पष्ट लिहिले. दरम्यान वेल्समधील ॲबरकार्न (११ सप्टेंबर १८७८, २६८ मृत) आणि पेनिग्रेग (डिसेंबर १८८०, १०१ मृत) या दुर्घटना होऊन गेल्या होत्या, आणि दुसऱ्या आयोगाचा अहवाल येण्याच्या सुमारासच, २३ जून १८९४ रोजी, किल्व्हनिथ येथील ॲल्बियन खाणीत २९० जण गेले. सुरुंग लावण्याच्या ठिकाणी पाणी शिंपडण्याचा नियम १८८७ च्या कायद्यात आला होता. दगडाची पूड पसरून ज्योत अडवण्याचा प्रभावी उपाय रूढ व्हायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. हॅसवेलचा अहवाल वेळीच गांभीर्याने घेतला गेला असता, तर मधल्या पन्नास वर्षांतील किती मृत्यू टळते, याचा हिशेब मांडता येत नाही. ते थोडे नसते एवढे निश्चित.

शरीरविज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन याने १८९६ मध्ये वेल्समधील टायलरस्टाउन येथील स्फोटातील मृतदेह तपासून दाखवले की, बहुतेक मजूर भाजून किंवा आघाताने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने मेले होते. म्हणजे स्फोटानंतरही ते काही काळ जिवंत होते. लहान प्राण्यांवर हा वायू माणसाच्या आधी परिणाम करतो, म्हणून बचावपथकाने उंदीर किंवा पक्षी सोबत न्यावेत ही सूचना त्याचीच होय.

कूपक आणि पाणी : खाणीत उतरण्याच्या उभ्या विहिरीला कूपक म्हणतात. दोर तुटणे, माणसांना वर-खाली नेणारा पाळणा वरच्या चाकापर्यंत ओढला जाणे, तोंडावरून माणूस आत पडणे हे कूपकातील नित्याचे प्रकार होते; तारेचे दोर आणि पाळण्याला बांधीव मार्ग आल्यावर ते लक्षणीय कमी झाले. यॉर्कशरमधील सिल्कस्टोनजवळच्या हस्कर खाणीत ४ जुलै १८३८ रोजी वादळी पावसाचे पाणी शिरून ७ ते १७ वर्षे वयाची २६ मुले बुडाली. त्यांत ११ मुली होत्या. स्त्रिया, मुली आणि १० वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखाली कामास मनाई करणारा १८४२ चा कायदा ज्या चौकशीतून आला, तिला या घटनेची पार्श्वभूमी होती.

नॉर्थम्बरलंडमधील हार्टली खाणीला एकच कूपक होता. १६ जानेवारी १८६२ रोजी, पाळी बदलण्याच्या वेळी, पाणी उपसणाऱ्या इंजिनाची चाळीस टनांहून जड बिडाची तुळई मध्यावर मोडली. तिचा अर्धा भाग कूपकात कोसळला आणि बाजूचे लाकूड-दगड घेऊन त्याने वाट बुजवली. एकूण २०४ जण मरण पावले. त्यांतील बहुतेक इजा न होता खाली अडकले आणि विषारी वायूने गुदमरले. सहाव्या दिवशी वाट मोकळी झाली तेव्हा मुले बापांच्या अंगाला टेकलेली आढळली. एका मजुराच्या जवळच्या टिपणात, दुपारी पावणेदोन वाजता सर्वांनी मिळून प्रार्थना केल्याची नोंद होती. त्याच वर्षी प्रत्येक खाणीला दोन स्वतंत्र वाटा हव्यात असा कायदा झाला. मजुरांची ही मागणी हार्टलीच्या कितीतरी आधीपासूनची होती.

नुकसानभरपाई : मृताच्या कुटुंबाचा हक्क कायद्याने फार उशिरा मानला. सहकाऱ्याच्या चुकीने झालेल्या इजेला मालक जबाबदार नाही, हे तत्त्व १८३७ च्या एका खटल्यात रुजले. त्या खटल्याचा खाणीशी संबंध नव्हता. पण खाणीतला अधिकारीही मजुराचा ‘सहकारी’ ठरवला गेल्याने विधवांचे दावे फेटाळले जात. १८८० च्या कायद्याने ही तटबंदी काहीशी सैल केली. तथापि मजुराने करार करून आपला हक्क सोडला असेल, तर तो करार वैध आहे असे न्यायालयाने १८८२ मध्ये एका खाणमजुराच्याच प्रकरणात ठरवले. चूक कोणाची हे न पाहता भरपाई देण्याचे तत्त्व १८९७ च्या कायद्याने आले. तोवर मजुरांचे स्वतःचे वर्गणीचे निधी हाच मुख्य आधार होता. त्यांतील नॉर्थम्बरलंड व डरॅमचा निधी हार्टलीनंतर १८६२ मध्ये सुरू झाला.

ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानातही खाणकायदा दुर्घटनांनंतरच आला : १८९७ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत ५२ आणि बलुचिस्तानातील खोस्त येथील कोळसा खाणीत ४७ मजूर मरण पावल्यानंतर खाणकायद्याच्या कामाला गती आली. पहिला भारतीय खाण अधिनियम १९०१ मध्ये झाला, आणि जानेवारी १९०२ मध्ये कलकत्त्यास सुरू झालेले खाणनिरीक्षण कार्यालय १९०८ मध्ये धनबादला हलवण्यात आले.