आर्केड मॉनिटर वेगळा, कॉम्प्युटरचा जुना मॉनिटर वेगळा

दोन्हींत काचेची पिक्चर ट्यूब, दोन्ही लाल, हिरवा, निळा असे सुटे सिग्नल घेतात आणि दोन्हींना अँटेना नाही. एवढ्या बळावर म्हापसा ते मडगाव कुठल्याही भंगारवाल्याकडून ऑफिसातला जुना मॉनिटर उचलायचा, त्याला मेगाड्राइव्हसारखा जुना गेम कन्सोल जोडायचा आणि ‘गेम पार्लरसारखं चित्र’ येण्याची वाट बघायची, हा प्रकार आता बघवत नाही. चित्र येत नाही, आणि मग दोष केबलला!

कॉम्प्युटरचा मॉनिटर सगळ्यांनीच हाताळलाय, त्याबद्दल काय सांगायचं. आर्केड मॉनिटर म्हणजे गेम पार्लरच्या खोक्यातली उघडी ट्यूब, लोखंडी चौकट आणि मागे सर्किट. रिमोट, स्पीकर, ट्यूनर यांतलं काही नाही. काच सपाट की फुगीर, इंच किती, यावर लोक तासन्‌तास भांडतात. भांडू देत.

खरी गोम आहे ती दर सेकंदाला किती आडव्या रेषा ओढल्या जातात यात. जुना कन्सोल एका चित्रासाठी २६२ रेषांचा सिग्नल देतो. त्यांतल्या २२४ ते २४० कामाच्या, आणि असं चित्र सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करा: साधारण १५,७००. हेच ते १५ किलोहर्ट्झ. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत रेषा ३१२ आणि चित्रं ५०, म्हणजे १५,६००. फरक नगण्य, म्हणून आपले घरचे जुने ट्यूबवाले टीव्हीही १५ चेच आणि बहुतेक जुने आर्केड मॉनिटरही १५ चेच. १९८७ मध्ये कॉम्प्युटरच्या चित्राची व्हीजीए ही पद्धत आली ती ५२५ रेषा, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे ३१,५०० घेऊन. बरोबर दुप्पट. त्यानंतरचे बहुतेक कॉम्प्युटर मॉनिटर ३० च्या खाली उतरतच नाहीत. त्यांना १५ चा सिग्नल दिला की पडदा काळा, नाहीतर फाटलेल्या चित्राचे तुकडे. सोन्याचा मुलामा दिलेली केबल आणा, नाहीतर दुबईहून मागवा, रेषांचा वेग बदलत नाही.

प्रत्येक रेष दोनदा ओढून ३१ करणारे डबे मिळतात. चालतात, पण मग दोन रेषांमधली काळी फट भरून निघते, आणि आर्केडचं चित्र ‘आर्केडचं’ दिसतं ते बऱ्याच अंशी त्या फटीमुळेच. फट घालवायची होती तर एलसीडी काय वाईट होता?

उलटी चूक जास्त महागात पडते. सेगाचा ड्रीमकास्ट हा कन्सोल व्हीजीएवर लावून तो ३१ चा सिग्नल फक्त १५ घेणाऱ्या आर्केड मॉनिटरला दिलात, तर आडव्या रेषांचा ट्रान्झिस्टर उडू शकतो. काही आर्केड मॉनिटर १५, २४ आणि ३१ तिन्ही घेतात. मधला २४ सेगाच्या मॉडेल २ सारख्या बोर्डांसाठी, म्हणजे आर्केड गेमच्या सर्किटांसाठी. असा तिन्ही घेणारा मिळाला तर घासाघीस फार ताणू नका.

विकणाऱ्याला काहीच माहीत नसेल तर एक सोपी युक्ती. घरातलं शाळकरी पोर सोबत न्या. १५ चा मॉनिटर चालू झाला की बारीक शिट्टी वाजते, ती पोरांच्या कानांना टोचते. ३१ ची शिट्टी माणसाला ऐकूच येत नाही.

वेग जुळला तरी जोडणीत दोन अडथळे राहतात. कन्सोलचा रंगांचा सिग्नल ०.७ व्होल्टचा, तर आर्केड बोर्डाचा त्याच्या कितीतरी पट जोरकस. म्हणून चित्र अंधारं येतं. तेव्हा मधे अ‍ॅम्प्लिफायर घाला. मागचा ‘स्क्रीन’चा स्क्रू पिळून उजेड वाढवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो: काळा रंग राखाडी होतो आणि तिरप्या रेषा उमटतात. दुसरा अडथळा सिंकचा, म्हणजे रेष आणि चित्र कधी सुरू करायचं ते सांगणाऱ्या सिग्नलचा. तो बऱ्याचदा कंपोझिटमध्ये, म्हणजे एकाच तारेतून येणाऱ्या चित्राच्या सिग्नलमध्ये, मिसळलेला येतो; एलएम१८८१ ही चिप तो वेगळा काढते.

विजेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. बऱ्याच आर्केड सर्किटांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे घरच्या विजेपासून सर्किट वेगळं ठेवणारा ट्रान्सफॉर्मर, लागतो. तो न लावता थेट प्लगमध्ये घातलं, तर कन्सोलची आणि तुमची गाठ थेट २३० व्होल्टशी. ट्यूबच्या टोपीखाली वीसेक हजार व्होल्ट असतात, तेव्हा ज्याला ती डिस्चार्ज करता येते अशा टीव्ही मेकॅनिकलाच झाकण उघडू द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातही किनाऱ्यालगतच्या घरात, तिथून चर्र आवाज येऊ लागला तर मॉनिटर आधी बंद करा.

माझी निवड विचाराल तर मेगाड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो, सॅटर्न, पहिलं प्लेस्टेशन यांच्यासाठी १५ चा आर्केड मॉनिटर. ड्रीमकास्टला भंगारातला कॉम्प्युटर मॉनिटर झकास, आणि स्वस्त. आणि लहानपणचा तो पिवळ्या कॅसेटवाला टीव्ही गेम? तो सुटे रंग देतच नाही, तो ज्याची नक्कल, तो निन्टेन्डोचा मूळ फॅमिकॉमही देत नव्हता. त्याला आर्केड मॉनिटर लावायचा तर मधे रंग सुटे करणारा डिकोडर हवा, आणि एवढं करूनही चित्र घरच्या टीव्हीइतकंच. आजीच्या खोलीतला टीव्ही चालू असेल तर तोच मागून घ्या.