बुद्ध्यांक चाचणी : खानदेशातील वापर आणि अचूकता

बुद्ध्यांक चाचणी म्हणजे ठरावीक प्रश्न, कोडी आणि हातकामे देऊन एखादी व्यक्ती विचारशक्तीत आपल्या वयाच्या इतरांच्या तुलनेत कुठे बसते, हे अंकात सांगणारी मानसशास्त्रीय चाचणी. लोक तिला ‘आयक्यू टेस्ट’ म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत तिच्याशी गाठ पडते ती मुख्यतः दोन प्रसंगी : दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात जावे लागते तेव्हा, किंवा अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला आईबाप समुपदेशकाकडे नेतात तेव्हा. शालेय शिष्यवृत्ती परीक्षेतला आणि पोलीस भरतीतला ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा भाग वेगळा. तिथे सराव करून गुण वाढवायचे असतात. बुद्ध्यांक चाचणीत मात्र आधी सराव झाला तर निकालच निरुपयोगी होतो. हा फरक माहीत नसल्याने शिष्यवृत्तीला कमी गुण पडलेल्या मुलाला ‘डोकं कमी’ ठरवणारे पालक गावोगाव भेटतात, आणि ते त्या मुलावर अन्याय करतात.

आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली उपयोगी चाचणी तयार केली. शाळेत कोणत्या मुलांना जास्तीची मदत लागेल हे ओळखणे एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी असते, या मताला बिनेंचा उघड विरोध होता. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला (मूल साधारण कोणत्या वयाच्या मुलांइतके प्रश्न सोडवते, ते वय) प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. १९१६ मध्ये लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणले. आज ही रीत मागे पडली आहे. डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ पासून रूढ केलेल्या पद्धतीत त्या वयोगटाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे अंक सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप, १५ धरतात. त्यामुळे सुमारे ६८ टक्के लोक ८५ ते ११५ मध्ये आणि सुमारे ९५ टक्के लोक ७० ते १३० मध्ये येतात.

मराठीत हे काम लवकर सुरू झाले. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे मराठी आणि कानडी रूपांतर केले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये आले. निरक्षरांनाही देता यावी अशी कृतिचाचण्यांची, म्हणजे ठोकळे जुळवण्यासारख्या हातकामांची, मालिका सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि नागपूरला ए. जे. मालिन यांनी वेक्सलरच्या बालचाचणीचे भारतीय रूप १९६९ मध्ये आणले. कामत आणि मालिन यांच्या चाचण्या आजही अनेक ठिकाणी वापरात आहेत.

चाचणी अचूक आहे का, या प्रश्नाचे दोन भाग पडतात. तोच माणूस पुन्हा बसला तर जवळपास तोच अंक येतो का? येतो. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाने समोर बसवून घेतलेल्या चांगल्या चाचणीची विश्वसनीयता मानसशास्त्रातल्या इतर बहुतेक मोजमापांपेक्षा जास्त आहे. तरीही प्रत्येक अंकाला पाच-सहा गुणांची मागेपुढे जागा असते. अहवालातला ९२ हा खरे तर ‘८६ ते ९८ च्या आसपास’ असा वाचायचा. दुसरा भाग, हा अंक पुढचे किती सांगतो? शालेय यशाशी त्याचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नाते नाही, १ म्हणजे पूर्ण) साधारण ०.५ आहे. म्हणजे मुलामुलांच्या गुणांतल्या फरकाचा सुमारे पाव हिस्सा बुद्ध्यांकाशी जुळतो, बाकीचा नाही. हे थोडे नव्हे, पण एवढ्यावर कुणाचे आयुष्य ठरवता येत नाही.

शिवाय अंक परिस्थितीप्रमाणे हलतो. शाळेतल्या प्रत्येक वाढीव वर्षामागे बुद्ध्यांक १ ते ५ गुणांनी वाढतो, असे २०१८ मध्ये रिची आणि टकर-ड्रॉब या संशोधकांनी सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून दाखवले. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी हंगामापूर्वी पैशांची चणचण असताना आकृतिकोड्यांत कमी पडले आणि पीक विकल्यावर सरस ठरले. या निष्कर्षावर पुढे वाद झाला. पण कापसाला भाव मिळेपर्यंत उधारीवर दिवस काढणाऱ्या कोणत्याही खानदेशी घराला तो परका वाटणार नाही.

खानदेशात खरी अडचण भाषेची आहे. साक्री, अमळनेर, पारोळ्याच्या घरांत अहिराणी बोलतात, यावल-रावेरकडे लेवा बोली, धडगावात पावरी, नवापुराकडे मावची. चाचणी मात्र प्रमाण मराठीत, कधी हिंदीत. वेक्सलर धर्तीच्या चाचण्यांत ‘साम्य सांगा’ हा भाग असतो. चाचणीतले खरे प्रश्न जाहीर करायचे नसतात, म्हणून उदाहरण कल्पित घेऊ : केळी आणि कापूस यांत सारखे काय? ‘दोन्ही पिके’ या उत्तराला पूर्ण गुण. ‘दोन्हीस्ले पानी लागस’ असे पोरगे म्हणाले तर कमी गुण, आणि अहिराणी न कळणारा परीक्षक असेल तर कदाचित शून्य. खरे पाहता त्या पोराने शेतात पाहिलेले नेमके सांगितले; वर्गनाम देऊन बोलायची सवय शाळेतून लागते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांना १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांकडून अशाच धाटणीची उत्तरे मिळाली होती, आणि थोड्याशा शालेय शिक्षणानंतर ती बदललेली दिसली. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या नंदुरबारच्या मुलाची शाळा दरवर्षी अर्ध्यावर सुटते. त्याचा अंक वाचताना ही गोष्ट अहवालात लिहिलेली असलीच पाहिजे.

मग शब्दांविना चाचणी घ्यावी, असा उपाय सुचवला जातो. १९३८ मध्ये आलेल्या रेव्हनच्या आकृतिकोड्यांत बोलावे लागत नाही, भाटियांच्या ठोकळ्यांतही फारसे नाही. त्याने भाषेचा काच कमी होतो, सगळा जात नाही. संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवले, की विसाव्या शतकात अनेक देशांत सरासरी गुण दर दशकाला सुमारे तीनने वाढत गेले. आणि ही वाढ सर्वांत जास्त रेव्हनसारख्या शब्दविरहित चाचण्यांत होती. कागदावरच्या आकृत्यांत नियम शोधणे हीसुद्धा शिकलेली सवय आहे. फ्लिन यांच्या निष्कर्षाचा दुसरा अर्थही आहे : मानके (तुलनेसाठी धरलेले त्या वयाच्या मुलांचे गुण) जुनी असतील तर आजच्या मुलाचा अंक फुगून येतो. म्हणजे एकाच मुलाच्या बाबतीत जुनी मानके अंक वर ओढतात आणि परकी भाषा खाली. दोन्ही चुका एकमेकींना नेमक्या खोडून काढतील याची खात्री नाही.

चाचणी करून घ्यावी का, हे पुढे कोणता निर्णय अडला आहे यावर ठरवावे. मूल उशिरा बोलू लागले, चौथीत गेले तरी अक्षर लागत नाही, फेफरे किंवा डोक्याच्या दुखापतीनंतर मागे पडले, तर जरूर करावी आणि लवकर करावी. नुसत्या कुतूहलापोटी किंवा अकरावीला शाखा निवडण्यासाठी केली तर हाती फारसे लागत नाही. मोबाइलवरच्या चाचण्यांना बहुधा मानकेच नसतात. त्यांचा १४० निरर्थक आहे. बोटांचे ठसे घेऊन बुद्धी सांगणारी ‘डीएमआयटी’ तर कसलाही शास्त्रीय आधार नसताना पालकांकडून हजारो रुपये घेते, आणि भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने तिच्याविरुद्ध भूमिका घेतली आहे. तिच्यावर खर्च करू नये.

चाचणीला नेताना मुलाची झोप झालेली असावी, चष्मा किंवा श्रवणयंत्र असेल तर सोबत असावे, आणि घरची बोली कोणती हे परीक्षकाला आधीच सांगावे. पहाटेची एसटी धरून मोलगीहून नंदुरबारला पोचलेल्या, उपाशी पोराला लगेच ठोकळ्यांपुढे बसवू नये. अहवालात चाचणीचे नाव, वापरलेली भाषा आणि प्रत्येक उपचाचणीचे गुण मागून घ्यावेत. एकट्या बेरजेवरून कुठे मदत लागेल ते कळत नाही.

पाच-सहा गुणांची ती मागेपुढे जागा सर्वांत महाग पडते ती प्रमाणपत्राच्या वेळी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत (२०२४ मध्ये त्यांच्या जागी नव्या आल्या) ७० ते ८४ हा सीमारेषेवरचा गट २५ टक्क्यांवर थांबत असे, आणि ती टक्केवारीही बुद्ध्यांकावरून नव्हे तर व्यवहारकौशल्याच्या मापनावरून काढत; म्हणून त्या गटाला प्रमाणपत्र उपयोगी पडत नसे. वाचन-लेखनाच्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेची तपासणी पुढे न्यायला त्याच सूचना ८५ च्या वरचा बुद्ध्यांक मागत. ८३ बुद्ध्यांक आलेले मूल बहुधा दोन्हीकडून बाहेर राही, आणि ८७ आलेल्या त्याच्या बाकावरच्या मित्राला दहावीच्या सवलतींचा रस्ता खुला होई. हे चार गुण तर त्या पाच-सहा गुणांच्या मागेपुढे जागेतच बसतात. अशा अंकावर प्रकरण बंद करू देऊ नये. मुलाच्या बोलीत सूचना देणारा परीक्षक आणि दुसरी, शक्य तर शब्दविरहित चाचणी मागावी, आणि त्याच चाचणीला पुन्हा बसवायचे असेल तर साधारण वर्षभराचे अंतर ठेवावे.