सोमवारची निळी गोळी

"बाई, आठ दिवसांतून एक गोळी देऊन कुठं रक्त वाढतं का? रोज द्यायला परवडत नाही, असं सरळ सांगा की."

पालकसभेत एका आईने हे विचारलं, आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. मराठवाड्यातल्या एका गावातल्या शाळेत मी विज्ञान शिकवते, लोहाच्या गोळ्या वाटायचं कामही माझ्याकडेच आहे. 'वरून तसंच आलंय' एवढंच सांगून मी वेळ मारून नेली आणि घरी येऊन वाचायला बसले. जे हाती लागलं ते इतकं सुंदर आहे, की ते त्या आईपर्यंत आणि तुमच्यापर्यंत पोचवल्याशिवाय मला राहवत नाही.

योजना तुम्हाला माहीत असेल. २०१३ पासून देशभर सहावी ते बारावीच्या मुलामुलींना शाळेत आणि शाळा सुटलेल्या मुलींना अंगणवाडीत दर आठवड्याला ही गोळी दिली जाते. सध्याच्या निळ्या गोळीत ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं. शिवाय वर्षातून दोनदा जंताची गोळी. आमचा वार सोमवार.

आता शरीरातल्या लोहाचा हिशेब बघू. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, एखाद्या खिळ्यात मावेल एवढं. नव्या तांबड्या पेशी घडवायला रोज २० ते २५ मिलीग्रॅम लोह लागतं, पण त्यातलं जवळजवळ सगळं जुन्या पेशी मोडून परत मिळतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, मेली की तिचं लोह पुन्हा कामाला लागतं. अन्नातून रक्तात येतं ते दिवसाला जेमतेम १ ते २ मिलीग्रॅम. आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराकडे वाटच नाही! मीठ जास्त झालं तर मूत्रपिंड ते बाहेर काढतं. लोहाला तशी सोय नाही. रक्त वाहिलं किंवा पेशी झडल्या, तरच ते जातं. पाळी सुरू झालेल्या मुलीचं दर महिन्याला अंदाजे १५ मिलीग्रॅम लोह असं जातं, आणि नेमकी त्याच वयात तिची उंची वाढत असते.

बाहेर काढायची वाट नाही म्हटल्यावर पहारा आत येण्याच्या दारावरच हवा. हा पहारेकरी शास्त्रज्ञांना २००० सालाच्या आसपास सापडला. त्याचं नाव हेप्सिडिन. यकृतात तयार होणारं, अवघ्या २५ अमिनो आम्लांचं हे चिमुकलं संप्रेरक.

लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पेशींचं अस्तर असतं. या प्रत्येक पेशीला दोन बाजू. एक अन्नाकडे, दुसरी रक्ताकडे. अन्नाकडच्या बाजूने लोह पेशीत शिरतं. पण पेशीत शिरलं म्हणजे शरीरात आलं असं नाही, ते अजून ओसरीवरच आहे. रक्तात उतरायला दुसऱ्या बाजूला एकच दार आहे, फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन. यकृताला रक्तात लोह वाढल्याची चाहूल लागली की ते हेप्सिडिन सोडतं. हेप्सिडिन फेरोपोर्टिनला जाऊन चिकटतं, आणि पेशी ते अख्खं दारच आत ओढून मोडून टाकते. दार नाही, तर लोह अडकलं. ते पेशीतल्याच फेरिटिन नावाच्या कोठीत पडून राहतं. आतड्याच्या या पेशी काही दिवसांतच झडतात, आणि कोठीतलं लोह त्यांच्याबरोबर शौचावाटे निघून जातं.

एवढा कडेकोट बंदोबस्त का? मोकळं लोह पेशींना इजा करतं, हे एक. दुसरं म्हणजे रोगजंतूंनाही लोह हवंच असतं. म्हणून ताप आला, कुठे सूज आली, की इंटरल्युकिन-६ हा निरोप यकृताला पोचतो, हेप्सिडिन चढतं आणि जंतूंची रसद तुटते. तापात घेतलेली लोहाची गोळी बरीचशी वाया जाते ती यामुळे. उलट रक्त कमी पडलं तर अस्थिमज्जेतल्या, तांबड्या पेशी होऊ घातलेल्या पेशी एरिथ्रोफेरोन सोडतात. ते यकृताला सांगतं, हेप्सिडिन आवर, इथे लोह हवंय. हा निरोप्या तर २०१४ साली उमगला. नावं अवघड आहेत, विसरलात तरी चालेल. दार आणि पहारेकरी तेवढे लक्षात ठेवा.

कारण त्या आईचं उत्तर इथेच आहे. ६० मिलीग्रॅमची गोळी घेतली की हेप्सिडिन चढतं आणि साधारण २४ तास चढलेलं राहतं. दुसऱ्या दिवशीची गोळी अर्धवट मोडलेल्या दारापाशी येते. ४८ तासांपर्यंत हेप्सिडिन उतरतं. झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुणींवर हे मोजलं. २०१७ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात रोजच्या गोळीतलं १६.३ टक्के लोह रक्तात गेलं, आणि तितक्याच गोळ्या एक दिवसाआड घेतल्यावर २१.८ टक्के. आठवड्याच्या गोळीची कल्पना मात्र याहून जुनी. ग्वाटेमालात कुपोषणावर काम केलेले फर्नांडो व्हितेरी १९९०च्या दशकात म्हणत होते, की आतड्याच्या पेशी लोहाने भरल्या की नवं लोह घेत नाहीत, म्हणून नव्या पेशी येईपर्यंत थांबा. हेप्सिडिनचा तेव्हा पत्ताही नव्हता. पुढे व्हिएतनामच्या येन बाय प्रांतात बायकांना आठवड्याची गोळी आणि जंताचं औषध देऊन हे प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं.

तेव्हा आठवड्याची गोळी म्हणजे काटकसर नव्हे. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते, ही गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून आहे. जिचं हिमोग्लोबिन आधीच घसरलंय तिला उपचार म्हणून रोजचा डोस लागतो, आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा. चुकलेल्या सोमवारची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेण्यातही अर्थ नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी स्वतः दोघी-तिघींना तसं सांगितलं होतं. ते चुकीचं होतं.

मोबाइलवर फिरणारा तो निरोपही पुरे झाला आता, 'बीट खा, आठ दिवसांत हिमोग्लोबिन दोन पॉइंट वाढवा.' ४० किलो वजनाच्या मुलीच्या अंगात पावणेतीन लिटरच्या आसपास रक्त असतं. तिचं हिमोग्लोबिन एका पॉइंटने, म्हणजे दर डेसिलिटर रक्तामागे एका ग्रॅमने, वाढवायला सुमारे ९० मिलीग्रॅम लोह रक्तात जावं लागतं. १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलीग्रॅमही भरत नाही, आणि त्यातलं दहावा हिस्सा शोषलं गेलं असं धरलं तरी एका पॉइंटला १०० किलोच्या वर बीट लागेल. बिटाच्या लाल रंगाचा रक्ताशी काही संबंध नाही. बीट जरूर खा, भाजी चांगलीच आहे.

मग एवढं शास्त्र पाठीशी असताना आकडे का हलत नाहीत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींमधला अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्ताची कमतरता, २०१५-१६ ला ५४.१ टक्के होता, २०१९-२१ ला ५९.१ टक्के झाला. मला हे वाचून फार वाईट वाटलं. मात्र तिथे बोटाला टोचून रक्त घेतलं होतं. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून घेतलेल्या रक्तावर १० ते १९ वयाच्या मुलींमध्ये ४० टक्के निघाला. वयोगट वेगळे आहेत, पण मोजायच्या पद्धतीनेही फरक पडतो. त्याच सर्वेक्षणात या वयाच्या ३१ टक्के मुलामुलींत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. त्यानेही रक्त कमी होतं, आणि त्यावर निळ्या गोळीत काहीच नाही. सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार तर वेगळाच.

आणि गोळी पोटात जाते का, हाही प्रश्न आहेच. एका सोमवारी हात धुवायच्या नळाखाली मला निळसर ओघळ दिसला. पोरी गोळी जिभेखाली दाबून ठेवायच्या आणि तिथे थुंकायच्या. कुणी सांगितलं होतं गोळी 'उष्ण' पडते, कुणी सांगितलं पुढे मूल होत नाही. दोन्ही खोटं. शी काळी होते हे खरं, पण तो न शोषलेल्या लोहाचा रंग, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ मात्र खरी. श्रावणात एका सोमवारी तीन मुलींना उलट्या झाल्या आणि गावभर झालं, गोळी बाधली. तिघींचाही उपास होता. गोळी रिकाम्या पोटी पडली होती.

तेव्हापासून आमच्याकडे आधी खिचडी, मग गोळी. उपास असेल तिला मंगळवारी. धान्य-डाळींतलं फायटेट लोहाला धरून ठेवतं, म्हणून सोमवारी खिचडीवर लिंबू पिळतो. लिंबातलं क सत्त्व लोहाला शोषलं जाईल अशा रूपात आणतं. चहा जेवणानंतर तास-दोन तास नाही, त्यातलं टॅनिन लोह अडवतं. लिंबं पालकच पाठवतात. पहिली पिशवी त्या सभेतल्या आईची होती.

दिवाळीनंतर आमच्या पटावरच्या काही मुली आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि थेट उन्हाळ्यात परततात. मागच्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी सातवीतल्या एकीला मोजून गोळ्या दिल्या. मी विचारलं, "फडात वार कसा लक्षात राहणार गं?"

"आईचा सोमवार असतो की, बाई. ती खिचडी नाही खात, त्या दिवशी."

"उपास आईचा. तू जेवायचं आणि मग गोळी घ्यायची."

तिने गोळ्यांची पाकिटं वहीच्या मधल्या पानात ठेवली आणि वहीला रबर लावलं.