तूर साल सोडते तेव्हा

तुरीचा एक वाळका दाणा घ्या आणि नखानं सोलून बघा. साल निघतं, पण एकटं निघत नाही. पिवळ्या डाळीचा कपचा सोबत घेऊन येतं. आता दुसरा दाणा रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी चिमटीत दाबा. दाणा सुळकन बाहेर पडतो, साल बोटांत राहतं. त्या सालाच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला तर बुळबुळीत लागतं. ती बुळबुळ म्हणजे डिंक. दालमिलमधली निम्मी खटपट या डिंकासाठी असते.

हरभऱ्याला हा त्रास नाही. हरभरा भट्टीतल्या तापलेल्या वाळूत भाजला की त्याचा फुटाणा होतो, तळहातावर चोळून फुंकर मारली की साल उडून जातं. वाटाणा आणि मसूरही फारसा हट्ट करत नाहीत. तूर, मूग आणि उडीद मात्र चिवट. तुरीत साल आणि डाळ यांच्यामध्ये साखरेच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्यांचा एक पातळ थर असतो, आणि दाणा वाळला की तो सरसासारखा घट्ट बसतो. आपल्याच विदर्भात पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे धान भरडतात, तिथलं कोडं वेगळं आहे. धानाचं टरफल म्हणजे एकमेकांत अडकलेल्या दोन होड्या. आतल्या तांदळाला ते चिकटलेलं नसतं. म्हणून दोन रबरी रोलर उलट दिशांना आणि कमीजास्त वेगानं फिरवले की एक बाजू पुढे ओढली जाते, दुसरी मागे राहते आणि टरफल उकलतं. तुरीला नुसतं ओढून भागत नाही. आधी सरस सोडवावा लागतो.

आमच्या लहानपणी अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या घरी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासांमधली तूर माघ-फाल्गुनात घरात यायची, पण डाळ व्हायची चैत्र-वैशाखात. आजी तूर पाण्यात भिजवायची, निथळून तिला लाल मातीचा हात द्यायची आणि अंगणात पसरायची. दिवसभर ऊन, संध्याकाळी गोळा करून झाकणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. मग जात्यावर भरडायची आणि सुपानं पाखडायची. घाई केली तर ती ओरडायची, "तुरीले ऊन भरपूर लागते. ऊन कमी पडलं का साल दायीले धरूनच राह्यते."

तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. भिजताना साल, डिंक आणि डाळ तिघंही फुगतात. वाळताना तिघं सारखे आकसत नाहीत. साल पातळ, ते आधी वाळून कडक होतं. आतली डाळ सावकाश वाळते आणि नंतर आत ओढली जाते. या ओढाताणीत मधला सांधा जागोजागी तुटतो. अर्धवट वाळलेल्या दाण्यात ही ओढाताण पुरी झालेली नसते. शिवाय ओलसर साल लवचीक राहतं, रगडलं तरी तुटत नाही, आणि ओलसर डाळ जात्याखाली दुभंगण्याऐवजी चेपते. दालमिलमध्येही रोलरवर जाणाऱ्या तुरीत साधारण 9 ते 10 टक्के ओलावा असावा असं धरतात. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो. त्या उन्हाला आपण शिव्या देतो, पण डाळीसाठी त्याच्याएवढी स्वस्त भट्टी नाही.

भिजवण्याच्या पद्धतीत एक खोट आहे, तीही सांगायला हवी. फुगून आकसलेल्या डाळीला मधोमध खळगा पडतो आणि ती शिजायला वेळ घेते. म्हणून दालमिलवाले पाण्याऐवजी तेलाकडे वळले. तिथे तूर आधी एमरीच्या रोलरवरून फिरते. लोखंडी नळकांड्यावर एमरीच्या किंवा कार्बोरंडमच्या खरखरीत कणांचा जाड लेप आणि भोवती जाळी, असा हा रोलर. एमरीतला मुख्य घटक कोरंडम; कठीणपणात तो हिऱ्याच्या खालोखाल येणाऱ्या खनिजांपैकी. पहिल्या फेरीत साल काढायचं नसतं, फक्त ओरखडायचं असतं. मग त्या दाण्याला क्विंटलमागे सुमारे 200 ते 500 ग्रॅम तेल चोळतात. आपल्याकडे ते बहुधा जवसाचं. तेलाचा हात दिलेली तूर रात्रभर ढिगात मुरते, तेल ओरखड्यांतून सालाखाली शिरतं आणि डिंकाची पकड ढिली होते. पुढे ऊन, थोडं पाणी, पुन्हा रोलर. ज्यांचं साल गेलं नाही ते दाणे बाजूला काढून पुन्हा हाच फेरा. साल गेलेल्या पण न फुटलेल्या अख्ख्या दाण्याला बाजारात गोटा म्हणतात. हा गोटा फोडून केलेली ती फटका डाळ. तिच्या कडा शाबूत असतात, म्हणून भावही चढा मिळतो.

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं यातून तेलही वगळलं. त्यांच्या पद्धतीत दाणा गरम हवेनं तापवतात आणि मग मुरायला ठेवून ओलावा बेताचा करतात. फुटाण्याचीच कल्पना, फक्त मोजूनमापून. ढगाळ दिवसांतही काम थांबत नाही, हा तिचा मोठा फायदा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. आपल्या गावांत आता मिनी दालमिल आल्या आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं त्यासाठी पीकेव्ही मिनी दालमिल तयार केली. बचत गटांनी आणि शेतकऱ्यांनी अशा मिल चालवायला घेतल्या. तूर विकून डाळ विकत आणणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्या तुरीची डाळ खाता येते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पण पहिल्या वर्षी आम्ही दोन क्विंटल तूर नेली आणि डाळ मिळाली जेमतेम सव्वा क्विंटल. घरात सगळ्यांचं मत एकच, मिलवाल्यानं मारली. मलाही तसंच वाटलं होतं.

हिशोब करून बघितला. तुरीच्या दाण्यात साल सुमारे 14 टक्के, कोंब 1 टक्का आणि बाकी 85 टक्के डाळ. म्हणजे क्विंटलमागे 85 किलो ही निसर्गानं घातलेली मर्यादा, आणि रूढ पद्धतींत 65 ते 75 किलोच्या आसपास हाती येते. आमची साडेबासष्ट. गेली कुठे? चुनीच्या, म्हणजे भरडताना निघालेल्या साल-चुऱ्याच्या, पोत्यात हात घातला तेव्हा कळलं. सालासोबत पिवळी पूड आणि खंडा, म्हणजे डाळीचे तुकडे, भरपूर होता. डाळ चोरीला गेली नव्हती, रोलरनं तिचं पीठ केलं होतं. आणि दोष रोलरचा नव्हता. आम्ही तूर थ्रेशरमधून निघाली तशी, नीट न वाळवता आणि न चाळता पोत्यात भरून नेली होती.

रोलर आणि जाळी यांच्यामधलं अंतर एका वेळी एकच असतं. मोठा दाणा त्यात आवळला जातो, गरजेपेक्षा जास्त घासला जातो आणि अंगाची पूड करून घेतो. बारीक दाणा अंग न लावता पार होतो, त्याचं साल तसंच. मग मिलवाला बारक्यासाठी पुन्हा फेरी देतो आणि त्या फेरीत मोठा दाणा आणखी झिजतो. म्हणून भरडण्याआधी वेगवेगळ्या भोकांच्या चाळण्यांवर तूर लहान-मोठी वेगळी करणं, ज्याला ग्रेडिंग म्हणतात, ते डाळ वाचवण्याचं पहिलं काम. त्या पिवळ्या पुडीत काय जातं तेही लक्षात घ्या. डाळीच्या बाहेरच्या थरांत प्रथिनं आणि कॅल्शियम आतल्यापेक्षा जास्त असतं. आपण म्हशीला चुनी घालतो, ती म्हशीच्या अंगी लागते हे खरं, पण घरातल्या लेकरांच्या ताटातून ते गेलेलं असतं.

साफसफाईची यंत्रं बघताना मला आजीचं सूप आठवतं. सुपात ती दोन वेगळी कामं करायची. दाणा उडवून झेलताना कुटार आणि फोल वाऱ्यावर पुढे जायचं; हलक्या वस्तूला हवा सहज उचलते, जड दाणा सरळ खाली येतो. हेच काम यंत्रात पंखा करतो. दुसरं काम बारीक नजरेचं. सूप थोडं तिरपं धरून ती हलकेच झटके द्यायची, तेव्हा खडे एका बाजूला आणि दाणे दुसऱ्या बाजूला जमायचे. डिस्टोनर हुबेहूब हेच करतो. तिरपी, खरखरीत जाळी थरथरत असते आणि खालून हवा येते. हवेवर दाणा किंचित तरंगतो आणि उताराला लागतो. खडा जड म्हणून जाळीला टेकून राहतो आणि थरथरीनं ढकलला जात चढावर जातो. आपल्याकडचा काळा पाषाण त्याच आकाराच्या तुरीच्या दाण्याच्या दुपटीहून जड, म्हणून हे साधतं.

फसवतं ते ढेकूळ. काळ्या मातीच्या वावरात थ्रेशर चालला की तुरीएवढी ढेकळं दाण्यात मिसळतात. आकार सारखा, म्हणून चाळणीतून जातात. वजनात दाण्याच्या जवळ, म्हणून डिस्टोनरही चुकतो. पुढे पाण्याचा हात दिला की त्यांचा चिखल होतो, तो रोलरच्या खरखरीत अंगात भरतो आणि रोलर गुळगुळीत पडतो. यावर यंत्रापेक्षा थ्रेशरखाली ताडपत्री अंथरणं सोपं.

यंदा आम्ही तूर ताडपत्रीवर काढली, चार दिवस ऊन दिलं, मिलवरच्या ग्रेडरवरून दोन आकारांत वेगळी केली आणि दोन्ही पोती निरनिराळी भरडली. बारक्या तुरीच्या वेळी मिलवाल्यानं अंतर कमी करून घेतलं. दोन क्विंटलांना दीड क्विंटलाला थोडी कमी अशी डाळ आली. चुनीचं पोतं उघडून हात घातला, तर आत बहुतेक तांबडं सालच होतं.