बाह्य माइक (डीएसएलआर चित्रीकरणातील)

डीएसएलआर कॅमेऱ्याने व्हिडिओ घेताना कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकवर विसंबून न राहता वेगळा जोडलेला माइक. तो कॅमेऱ्यावर फ्लॅशच्या जागी बसवतात, बोलणाऱ्याच्या कपड्याला लावतात किंवा दांडीवर धरून चौकटीच्या कडेपर्यंत आणतात. त्यातून येणारा आवाज ३.५ मिमीच्या जॅकमधून कॅमेऱ्यात जातो आणि चित्रासोबत एकाच फाइलमध्ये नोंदला जातो. लग्नाचे शूटिंग, मुलाखती, कीर्तन-व्याख्याने, यूट्यूबवरचे पाककृतींचे व्हिडिओ, लघुपट अशा सगळीकडे तो वापरतात.

डीएसएलआर हा मुळात स्थिरचित्रांचा कॅमेरा. व्हिडिओची सोय त्यात मागाहून आली आणि आवाजाची तर त्याहून मागून. ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर झालेला निकॉन डी९० हा व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर. त्याचे चित्र १२८०×७२० पिक्सेलचे होते, आवाज मात्र मोनो, आणि बाहेरचा माइक जोडायला जॅकच नव्हता. पुढच्याच महिन्यात कॅननने ५डी मार्क २ जाहीर केला. त्यात पूर्ण एचडी चित्र होते, शिवाय माइकचा जॅकही होता. पण आवाजाची पातळी कॅमेरा स्वतःच ठरवायचा. वापरणाऱ्याच्या हातात काही नव्हते.

ही स्वयंचलित पातळी म्हणजे काय ते मुलाखतीत लगेच कळते. बोलणारा माणूस विचार करायला क्षणभर थांबला की कॅमेऱ्याला वाटते आवाज कमी पडतो आहे. तो पातळी चढवतो. मागचा पंखा, रस्त्यावरची रिक्षा, जॅकमधली खरखर असे सगळे हळूहळू वर येते. माणूस पुन्हा बोलू लागला की पहिले अक्षर दणकन आदळते आणि मग पातळी खाली येते. संपादनात हा चढउतार निस्तरणे फार जिकिरीचे असते. म्हणून २००९ मध्ये ट्रॅमेल हडसन या प्रोग्रामरने ‘मॅजिक लँटर्न’ नावाची मोफत आज्ञावली लिहिली. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून चालणाऱ्या या आज्ञावलीने स्वयंचलित पातळी बंद करता येऊ लागली. कॅननने स्वतःच्या फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्याच्या आतल्या मूळ आज्ञावलीत) ही सोय मार्च २०१० मध्ये दिली. त्याच वेळी आवाजाचा नमुनादर (दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने नोंदले जातात तो आकडा) ४४.१ वरून ४८ किलोहर्ट्झवर गेला. हेडफोनचा जॅक यायला आणखी दोन वर्षे लागली. कॅनन ५डी मार्क ३ आणि निकॉन डी८०० हे दोन्ही २०१२ चे. तोवर चित्रीकरण करणारे कानाला काही न लावता, पडद्यावरच्या हलत्या पट्ट्या पाहून आवाज ‘बघत’ होते.

स्वस्त मॉडेलांची कथा वेगळीच. निकॉन डी३३०० ला माइकचा जॅक होता, त्याच्यानंतरच्या डी३४०० मधून तो काढून टाकला. भारतात पुष्कळ खपलेल्या कॅनन १३००डी आणि १५००डी यांनाही जॅक नाही. कॅमेरा घेताना गिऱ्हाईक मेगापिक्सेल विचारते, सोबत कोणती लेन्स मिळेल ते विचारते. जॅकची आठवण पहिला व्हिडिओ घरी ऐकताना होते. अशा कॅमेऱ्यांना वेगळ्या रेकॉर्डरवाचून गत्यंतर नाही.

अंतर : कॅमेऱ्याचा अंगचा माइक वाईट ऐकू येतो याचे पहिले कारण त्याचा दर्जा नव्हे, तर त्याची जागा. एक तर तो लेन्सला चिकटून असतो. फोकसची मोटर फिरली, झूमची कडी वळवली, बोट बटणावर सरकले तरी ते सगळे आवाजात उतरते. कॅननने २०१२ पासून आणलेल्या एसटीएम लेन्सची मोटर बरीच शांत आहे, पण तिनेही हा त्रास पुरता मिटला नाही. दुसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे माइक बोलणाऱ्यापासून लांब असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. कॅमेरा ३ मीटरवर आणि कपड्याला लावायचा कॉलर माइक तोंडापासून २० सेंटिमीटरवर असेल, तर दोहोंत सुमारे २३ डेसिबलचा फरक पडतो. पंख्याचा आणि भिंतींवरून परतणारा आवाज मात्र खोलीत सगळीकडे जवळपास सारखाच असतो. लांबच्या माइकची पातळी चढवली की बोलण्याबरोबर तोही चढतो आणि सगळे विहिरीतून बोलल्यासारखे घुमते.

चित्राला अंतर मानवते, आवाजाला मानवत नाही. चेहरा चांगला दिसावा, मागचे धूसर व्हावे म्हणून छायाचित्रकार ८५ मिमीची लेन्स लावून मागे सरतो आणि तेवढाच माइकही मागे नेतो. कॅमेऱ्यावर महागडा माइक बसवूनही आवाज ‘लांबचाच’ येतो अशी तक्रार नवशिक्यांकडून ऐकू येते ती यामुळेच. कपड्याला लावलेला साधा कॉलर माइक तीन मीटरवरच्या भारी माइकपेक्षा बहुतेक वेळा सरस ठरतो. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी लांब वायरीवर करावेत.

प्रकार : कॅमेऱ्यावर बसवायचा लांबट माइक ‘गन माइक’ किंवा ‘शॉटगन’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या नळीला बाजूने फटी असतात. बाजूंनी आलेल्या ध्वनिलहरी त्यांतून वेगवेगळ्या वेळी आत शिरून एकमेकींना काही अंशी खोडतात आणि समोरचा आवाज उठून येतो. हे मोकळ्यावर छान जमते. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत मात्र परावर्तित आवाज समोरूनही येतो, त्यामुळे नळीचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय असा माइक दुर्बिणीसारखा लांबचे जवळ आणत नाही. बाजूचे थोडे कमी करतो, इतकेच. रोड या ऑस्ट्रेलियन कंपनीचे व्हिडिओमाइक या मालिकेतले माइक या वर्गात सर्वांत परिचित आहेत. त्यांतला व्हिडिओमायक्रो हा छोटा माइक कॅमेऱ्याच्या विजेवर चालतो, व्हिडिओमाइक प्रो ला ९ व्होल्टची बॅटरी लागते.

कॉलर माइक हनुवटीपासून वीतभर खाली लावतात. तो साधारणतः सर्व दिशांचा आवाज घेतो, त्यामुळे मान थोडी वळली तरी बिघडत नाही. बिघडते ते कपड्यामुळे आणि दागिन्यांमुळे. मंगळसूत्राचे मणी माइकवर घासले, पैठणीचा पदर सळसळला, कीर्तनकारांनी उपरणे सावरले, की प्रत्येक वाक्यात खसखस येते. पदराच्या वरच्या काठाला चिमटा लावावा, दागिना त्याच्या बाजूला जाईल असे पाहावे आणि वायरीचा एक छोटा वेढा चिमट्यातच अडकवून ठेवावा. म्हणजे खाली वायर ओढली गेली तरी हिसका माइकपर्यंत पोचत नाही. हे लावण्याआधी समोरच्याला विचारणे आणि शक्यतो त्यालाच लावू देणे ही रीत आहे.

बिनतारी संचांत दोन कुळे. यूएचएफ या पट्ट्यातल्या रेडिओलहरींवर चालणारे संच जुने, महाग आणि लांब पल्ल्याचे. २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या छोट्या डब्या २०१९ मध्ये रोडच्या वायरलेस गो नंतर घरोघर झाल्या. वाय-फाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात असल्याने फोनवाल्यांनी भरलेल्या मंगल कार्यालयात त्या कधीकधी अडखळतात. माणसाचे शरीर या लहरी शोषते. गुरुजींच्या सोवळ्याला पाठीमागे डबी खोचली आणि कॅमेरा समोर असेल, तर मंगलाष्टकाचा एखादा चरण गळून पडायचा. डबी अंगावर कॅमेऱ्याकडच्या बाजूलाच खोचलेली हवी.

जॅक, वीज आणि पातळी : डीएसएलआरच्या जॅकला दोन काळ्या पट्ट्यांची पिन लागते. मोबाइलच्या माइकची पिन तीन पट्ट्यांची असते, कारण तिच्यात हेडफोनही सामावलेला असतो. ती कॅमेऱ्यात बसते, पण आवाज येतोच असे नाही. मध्ये जोडपिन (अडॅप्टर) लावावी लागते. कॅमेऱ्याच्या जॅकमधून थोडेच व्होल्ट मिळतात, तेवढ्यावर छोटे इलेक्ट्रेट माइक चालतात. स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट कॅमेरा देऊ शकत नाही. त्यासाठी मध्ये वेगळा मिक्सर किंवा रेकॉर्डर हवा. भारतात नव्याने व्हिडिओ करणाऱ्यांत बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा कॉलर माइक फार चालतो. त्याला ६ मीटरची वायर, डबीत एलआर४४ बटन सेल आणि मोबाइल की कॅमेरा ते ठरवणारे एक बटण असते. कॅमेऱ्यासाठी ते बटण चालू करावे लागते. ते राहून गेले की शूटिंग वाया, आणि रात्रभर चालू राहिले की सकाळी सेल गेलेला.

आवाज एकाच कानात येणे हाही नित्याचा प्रकार. मोनो माइकची पिन स्टिरिओ जॅकला लागल्याने तो फक्त डाव्या वाहिनीत (चॅनेलमध्ये) जातो. संपादनात तीच वाहिनी उजवीकडे उतरवली की काम भागते.

बहुतेक डीएसएलआरचे अंतर्गत प्रवर्धक (आवाज वाढवणारे अॅम्प्लिफायर) खरखरीत असतात. त्यामुळे पातळी हाताने ठरवण्याच्या पर्यायावर ठेवून कॅमेऱ्याची पातळी अगदी खालच्या पायऱ्यांवर आणतात आणि माइकच जोरात ठेवतात. व्हिडिओमाइक प्रो वर त्यासाठीच +२० डेसिबलचे बटण आहे. बोलण्याची शिखरे -१२ डेसिबलच्या आसपास राहिली की हसण्या-ओरडण्याला वर जागा उरते. ० डेसिबल ही कॅमेऱ्याला नोंदता येणारी कमाल पातळी; तिला टेकून आवाज फाटला, तर तो पुन्हा शिवता येत नाही. ढोल-ताशाच्या पथकासमोर जाताना माइकवरचे हेच बटण -१० डेसिबलवर टाकावे, आणि तरीही मिरवणुकीच्या पुढे थोडे अंतर राखावे.

लग्नकार्यात साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर घेण्याचा मोह होतो. मिक्सरमधून निघणारी ‘लाइन’ पातळी माइकच्या पातळीपेक्षा कितीतरी पटींनी जोरकस असते. ती तशीच माइकच्या जॅकमध्ये घातली तर फाटका आवाज मिळतो. आवाज उतरवणारी रोधकाची वायर मध्ये घालावी लागते. त्यातूनही ५० हर्ट्झची ‘हूं’ अशी घरघर येत असेल, तर कॅमेरा विजेच्या अडॅप्टरवरून काढून बॅटरीवर चालवून पाहावा. बऱ्याचदा ती तिथेच थांबते.

वाऱ्याला घाबरावे. घरात स्पंजची टोपी पुरते, पण कोकणच्या किनाऱ्यावर किंवा घाटमाथ्यावर ती नावालाच असते. तिथे ‘डेडकॅट’ म्हणतात ती केसाळ टोपी लागते. माइकवर ८० हर्ट्झच्या आसपास खालचा आवाज छाटणारे बटण असले तर तेही दाबावे. पुरुषाच्या बोलण्याचाही त्याने फारसा तोटा होत नाही.

वेगळा रेकॉर्डर : झूम, टॅस्कॅम अशा कंपन्यांच्या हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर आवाज स्वतंत्रपणे घेऊन नंतर चित्राला जोडणे ही सिनेमातली जुनी पद्धत डीएसएलआरवाल्यांनीही उचलली. दोन तासांच्या कीर्तनाला ती विशेष सोयीची, कारण बरेच डीएसएलआर २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात आणि रेकॉर्डर चालूच राहतो. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवतात आणि टाळी जुळलेली फ्रेम आवाजातल्या टोकाशी लावतात. कॅमेरा थांबून पुन्हा सुरू झाला की टाळीही पुन्हा हवी. कॅमेऱ्याचा अंगचा माइक बंद करू नये, कारण संगणकावर आवाज जुळवायला तोच आधार असतो.

मोठ्या सभागृहात मात्र या आधाराची एक खोड आहे. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची होते आणि तेवढ्या वेळात आवाज सुमारे १४ मीटर जातो. कॅमेरा मंचापासून २८ मीटर मागे असेल, तर त्याच्या माइकला शब्द दोन फ्रेम उशिरा मिळतो. सॉफ्टवेअर रेकॉर्डरचा स्वच्छ आवाज याच उशिराच्या आवाजाशी जुळवते, आणि मग ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. अशा वेळी रेकॉर्डरच्या आवाजाचा पट्टा दोन फ्रेम अलीकडे सरकवतात.